‘ड’ जीवनसत्त्व आणि त्याचे सोबती

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक प्रसंग वारंवार घडतांना दिसतो. घरांतील आईचे पाय दुखूं लागतात, जिना चढतांना मांड्यांत जोर राहत नाहीं, खालीं बसलें तर उठतांना हाताचा टेंका घ्यावा लागतो. डॉक्टर रक्त तपासून पाहतात आणि ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी असल्याचें सांगतात. आठवड्यास एक याप्रमाणें ६०,००० युनिटांची गोळी किंवा पूड सुरू होते. आठ आठवडे संपतात. कांहीं घरांत आई खरोखरच पूर्वीसारखी हिंडूंफिरूं लागते. कांहीं घरांत मात्र रक्तांतील आंकडा थोडासाच हलतो, किंवा आंकडा सुधारतो पण दुखणें तसेंच राहतें. मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, औषधच खोटें. कोणी म्हणतो, डॉक्टर बदलावा. आणि कोणी तर आपल्याच मतानें गोळीचें प्रमाण दुप्पट करून मोकळा होतो.

यांतील शेवटचा उपाय सर्वांत धोक्याचा होय. गोळी लागू न पडण्याचीं कांहीं कारणें अगदीं साधीं असतात व तीं प्रथम पाहावींत. गोळी नियमानें घेतली जात नाहीं. किंवा ती सकाळीं रित्या पोटीं घेतली जाते. ‘ड’ जीवनसत्त्व हें स्निग्ध पदार्थांत विरघळणारें असल्यामुळें तें भरल्या जेवणाबरोबर घेणें हितावह असतें. शरीर फार स्थूल असेल तर हें द्रव्य चरबींत पसरतें व रक्तांत कमी दिसतें. आंतड्याचा, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तरी आंकडा चढत नाहीं. हीं सर्व कारणें दूर केल्यावरहि एक कारण उरतें, आणि त्याची माहिती सामान्य घरांत फारशी नसते. तें असें कीं, ‘ड’ जीवनसत्त्व एकटें कार्य करूं शकत नाहीं. त्याला सोबती लागतात. हे सोबती कोण, त्यांपैकीं कोणाचें साहाय्य खरोखर अवश्य आहे आणि कोणाचें नांव उगाच गाजतें, याचा विवेक केला तर पुष्कळ पैसा व पुष्कळ निराशा वांचेल.

या जीवनसत्त्वाचा शोध लागला तो मुडदूस या रोगाचा माग काढतां काढतां. मुडदूस झालेल्या मुलाचीं हाडें मऊ राहतात, पाय धनुष्यासारखे वांकतात, मनगटें जाड होतात व फांसळ्यांवर गांठी उमटतात. १९१९ सालीं एडवर्ड मेलॅन्बी या इंग्रज शास्त्रज्ञानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानें कुत्र्याचीं पिलें घरांत कोंडून मुख्यत्वें धान्याच्या आहारावर वाढविलीं, तेव्हां त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचें तेल देतांच तो हटला. त्याच वर्षीं बर्लिन येथें हुल्डशिन्स्की या डॉक्टरानें पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण मुलांच्या अंगावर सोडून तोच रोग बरा केला. १९२२ सालीं अमेरिकेंत मॅकॉलम यानें कॉडच्या तेलांतील ‘अ’ जीवनसत्त्व उष्णता व हवा यांच्या योगानें नष्ट केलें आणि तरीहि तेलाचा मुडदुसावरील गुण कायम राहतो असें दाखविलें. अर्थात् हा गुण एका निराळ्याच द्रव्याचा होता. त्या द्रव्यास ‘ड’ हें नांव मिळालें.

या इतिहासांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. त्याच काळांत हचिसन या डॉक्टरानें आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह नाशिकच्या भागांत मुडदुसाची पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, पडद्यांत राहणाऱ्या सुखवस्तु घरांतील बायकामुलांत, दूधतूप मिळत असूनहि, मुडदूस व हाडांचा मऊपणा दिसतो. उलट उघड्यावर वावरणाऱ्या गरिबांच्या मुलांत, अन्न निकृष्ट असूनहि, तो फारसा दिसत नाहीं. सूर्यप्रकाशाचें माहात्म्य यापेक्षां स्पष्ट शब्दांत सांगतां येणार नाहीं.

परंतु यावरून अन्नाला महत्त्वच नाहीं असा अर्थ काढणें घाईचें होईल. मेलॅन्बी याच्या पिलांनींच त्याला दुसरीहि एक गोष्ट शिकविली होती. आहारांत धान्य, विशेषतः ओट, जितका अधिक, तितका मुडदूस तीव्र होई. पुढें याचें कारण उमगलें. धान्याच्या कोंड्यांत फायटिक आम्ल असतें. तें कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त व लोह यांना आंतड्यांत बांधून ठेवतें व शरीरांत शिरूं देत नाहीं. म्हणजे जीवनसत्त्वाच्या जोडीला खनिजांचा प्रश्न अगदीं आरंभापासून होताच. जीवनसत्त्वाच्या झगझगाटांत तो मागें पडला इतकेंच.

सोबत्यांची गरज कोठें लागते हें कळण्यासाठीं या जीवनसत्त्वाचा शरीरांतील प्रवास पाहिला पाहिजे. कातडींत एक स्निग्ध द्रव्य असतें. त्यावर उन्हांतील अतिनील किरण पडले म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतें. गोळींतून येतें तेंहि याच स्वरूपाचें. परंतु हें केवळ एका हुंडीसारखें आहे. ती दोन पेढ्यांवर फिरल्याशिवाय रोकड हातीं पडत नाहीं. पहिली पेढी यकृताची. तेथें त्या द्रव्यांत एक रासायनिक फरक होतो आणि जें रूप बनतें तेंच रक्तांत साठून राहतें; प्रयोगशाळेंतील आंकडा याच रूपाचा असतो. दुसरी पेढी मूत्रपिंडाची. तेथें दुसरा फरक होऊन कार्यक्षम रूप तयार होतें. हें कार्यक्षम रूप आंतड्याला अन्नांतील कॅल्शियम व फॉस्फरस शोषून घ्यावयास लावतें, आणि त्या दोहोंनीं हाड घट्ट होतें. दुसऱ्या पेढीवर हुकूम चालतो तो मुख्यत्वें गळ्यांतील चार लहान परावटु ग्रंथींचा. रक्तांतील कॅल्शियम किंचित् घटलें कीं या ग्रंथि आपला रस सोडतात आणि मूत्रपिंडास कार्यक्षम रूप वाढविण्याची सूचना मिळते. या प्रवासांत प्रत्येक मुक्कामावर कोणत्या ना कोणत्या खनिजाची नड लागते.

सोबत्यांत पहिला मान कॅल्शियमचा. ‘ड’ जीवनसत्त्वाचें मुख्य कामच मुळीं कॅल्शियम आंत घेणें हें आहे. ताटांत कॅल्शियमच नसेल तर तें घेणार काय? या प्रश्नाचें उत्तर आफ्रिकेंतील नायजेरिया देशानें दिलें. तेथें ऊन भरपूर, तरीहि पुष्कळ मुलांना मुडदूस होई. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अशा १२३ मुलांचे तीन गट करण्यांत आले. एका गटास केवळ कॅल्शियम, दुसऱ्यास केवळ ‘ड’ जीवनसत्त्वाचीं मोठ्या मात्रेचीं इंजेक्शनें आणि तिसऱ्यास दोन्ही देण्यांत आलीं. २४ आठवड्यांनीं पाहतां, रक्ताच्या व क्ष-किरणांच्या तपासणींत ठरविलेल्या मर्यादेपर्यंत सुधारलेलीं मुलें केवळ कॅल्शियमच्या गटांत शेंकडा ६१, दोहोंच्या गटांत शेंकडा ५८ आणि केवळ ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गटांत शेंकडा १९ निघालीं. या मुलांच्या रोजच्या अन्नांत कॅल्शियम अवघें २०० मिलिग्रॅमच्या आसपास होतें. सूर्यानें आपलें काम केलें होतें; उणीव ताटांत होती.

यापुढची गोष्ट अधिक मार्मिक आहे. कॅल्शियमची तूट ‘ड’ जीवनसत्त्वाचा साठाच खाऊन टाकते. १९८७ सालीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांनीं हें उघड झालें. अन्नांत कॅल्शियम कमी पडलें कीं परावटु ग्रंथि उत्तेजित होतात. मूत्रपिंड कार्यक्षम रूप भराभर बनवितें. आणि त्या रूपाच्या प्रभावानें यकृतांत ‘ड’ जीवनसत्त्वाचा साठा नेहमींपेक्षां वेगानें मोडीत निघतो. गळक्या हंड्यांत पाणी ओतावें तशी मग गोळीची गत होते. २०१६ सालीं निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनीं मुडदुसाच्या उपचाराविषयीं जें एकमत प्रसिद्ध केलें, त्यांत ‘ड’ जीवनसत्त्वाबरोबर, अन्नांतून वा औषधरूपानें, रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम द्यावें असें म्हटलें आहे, तें याच अनुभवास धरून.

आपल्याकडील पोळीभाकरीचाहि येथें संबंध येतो. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरांत स्थायिक झालेल्या भारत-पाकिस्तानकडील कुटुंबांत, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलामुलींत, मुडदूस पुष्कळ दिसे. तेथें ऊन थोडें आणि आहारांत चपाती मुख्य. १९७२ सालीं तेथील डॉक्टरांनीं कांहीं रुग्णांच्या आहारांतून चपाती वगळली, तेव्हां त्यांच्या रक्तांतील लक्षणें सुधारलीं. परंतु यावरून पोळी हें विष आहे असें कोणी समजूं नये. त्याच शहरांत पुढें मुलांना ‘ड’ जीवनसत्त्व वांटण्यांत आलें आणि पोळी खात असतांहि रोग बराच ओसरला. ऊन पुरेसें, दूध पुरेसें, तर पोळी निरुपद्रवी. दोहोंची वाण असेल तर कोंड्यांतील आम्ल आपला प्रभाव दाखवितें, एवढाच याचा बोध.

दुसरा सोबती मॅग्नेशियम. याचें नांव कॅल्शियमइतकें घरोघरीं झालेलें नाहीं, पण याचें काम अधिक खोल आहे. परावटु ग्रंथींना आपला रस सोडण्यासाठीं मॅग्नेशियम लागतें. तें फारच घटलें तर रक्तांतील कॅल्शियम उतरत असूनहि या ग्रंथि स्वस्थ बसतात, आणि थोडा रस सुटला तरी हाड व मूत्रपिंड त्याचा हुकूम मानीत नाहींत. यकृत व मूत्रपिंड येथें जीं विकरें, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारीं प्रथिनें, ‘ड’ जीवनसत्त्वाचें रूपांतर करतात, त्यांच्या कार्यासहि मॅग्नेशियमचें साहाय्य होतें.

याचा प्रत्यक्ष पुरावा भारतांतच मिळाला आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेंतील रेड्डी व शिवकुमार या संशोधकांनीं १९७४ सालीं ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकांत आपला अनुभव प्रसिद्ध केला. मुडदूस झालेल्या कांहीं मुलांस ‘ड’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देऊनहि गुण येत नव्हता. तपासाअंतीं त्यांच्या रक्तांत मॅग्नेशियम कमी असल्याचें दिसून आलें. मॅग्नेशियम दिल्यावर तींच मुलें सुधारूं लागलीं. येथें जीवनसत्त्वाची मात्रा वाढविण्यानें कांहीं साधलें नसतें. अडलेलें दार दुसऱ्याच किल्लीनें उघडावयाचें होतें.

पुढें २०१८ सालीं अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनीं चाळिशीच्या पुढील १८० स्त्रीपुरुषांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. अर्ध्यांना मॅग्नेशियम व अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या बारा आठवडे देण्यांत आल्या. ज्यांचें ‘ड’ जीवनसत्त्व कमी होतें त्यांचा आंकडा मॅग्नेशियमनें वर सरकला. ज्यांचा आधींच चढलेला होता त्यांचा उतरला. म्हणजे मॅग्नेशियम केवळ चढविणारें नव्हे, तोल राखणारें द्रव्य दिसतें. ‘ड’ जीवनसत्त्व बनविणें आणि मोडणें या दोन्ही कामांत त्याचा हात आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या निष्कर्षाचें नवल वाटत नाहीं.

तथापि मॅग्नेशियमची तूट ओळखणें सोपें नाहीं. शरीरांतील एकंदर मॅग्नेशियमचा निम्म्याहून अधिक भाग हाडांत व बाकीचा बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत असतो. रक्तजलांत शेंकडा एकाहूनहि कमी. म्हणून रक्ताचा आंकडा ठीक असूनहि आंतील साठा उणा असूं शकतो. ही तूट कोणास संभवते हें जाणणें अधिक उपयोगाचें. मधुमेही, फार मद्य पिणारे, दीर्घकाळ जुलाब होणारे, लघवी वाढविणारीं औषधें घेणारे आणि आम्लपित्तावरील आम्लरोधक गोळ्या वर्षानुवर्षें घेणारे, यांनीं विशेष सावध असावें. शहरी घरांत पित्ताची गोळी सकाळच्या चहाइतकी नित्याची झालेली असते. ‘ड’ जीवनसत्त्वाचा आंकडा चढत नाहीं अशी तक्रार डॉक्टरांपुढें मांडतांना त्या गोळीचाहि उल्लेख करावयास विसरूं नये.

उरलेल्या सोबत्यांचा परामर्श थोडक्यांत घेतां येतो. ‘ड’ जीवनसत्त्वाचें कार्यक्षम रूप पेशींच्या आंत एका ग्राहक प्रथिनास चिकटून काम करतें. या ग्राहकाचा आकार जस्ताच्या अणूंनीं सांवरलेला असतो, आणि तो बहुधा ज्या दुसऱ्या ग्राहकाशीं जोडी करून काम करतो, त्याचा संबंध ‘अ’ जीवनसत्त्वाशीं आहे. म्हणून जस्त व ‘अ’ जीवनसत्त्व यांची नितांत वाण नसावी. परंतु ‘अ’ जीवनसत्त्व औषधरूपानें बेसुमार घेतलें तर तें ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कामांत अडथळा आणतें व हाडांसहि अपाय करतें. रूपांतर करणाऱ्या विकरांच्या गाभ्यांत लोह असतें; यास्तव पंडुरोग झालेल्या स्त्रीनें आधीं त्याचा उपचार करावा हें उत्तम. मात्र लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळीं घेऊं नये, कारण कॅल्शियम लोहाचें शोषण मंद करतें. ‘के’ जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. तें ‘ड’ जीवनसत्त्वाचा रक्तांतील आंकडा वाढवीत नाहीं. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या प्रेरणेनें हाडांत जें एक प्रथिन तयार होतें, त्याला कॅल्शियम धरून ठेवण्याची शक्ति तें देतें. हिरव्या पालेभाज्यांत तें विपुल असतें. रक्त पातळ ठेवण्यासाठीं वॉरफरिनसारखें औषध घेणाऱ्यांनीं मात्र ‘के’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांस डॉक्टरांवांचून हात लावूं नये.

इतकें ऐकून कोणी औषधाच्या दुकानांतून पांच निरनिराळ्या डब्या घेऊन आला, तर विषयाचें मर्म त्यास कळलें नाहीं असेंच म्हणावें लागेल. सोबत्याची तूट असेल तर ती भरून काढल्यानें लाभ होतो. तूट नसतां वरून भर घातल्यानें तसा लाभ होत नाहीं, हेंच वरील प्रयोगांचें सार आहे. आणि बहुतेक सोबती स्वयंपाकघरांतच सांपडतात. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें व मॅग्नेशियमहि भरपूर. एका पेलाभर दुधांत सुमारें २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतें. प्रौढ माणसाची रोजची गरज १,००० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. तीळ, भुईमूग, बाजरी, ज्वारी, डाळी, पालेभाज्या यांत मॅग्नेशियम चांगलें असतें. पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळांत व मैद्यांत तें फार थोडें उरतें.

कोंड्यांतील आम्लावरहि उपाय जुन्या घरांना ठाऊकच होता, जरी त्याचें रसायन ठाऊक नव्हतें. मटकी भिजवून मोड आणणें, नाचणीचें पीठ रात्रभर आंबवून आंबील करणें, आंबोळीचें पीठ आंबूं देणें, या क्रियांत धान्यांतील फायटिक आम्ल बरेंच मोडतें आणि खनिजें मोकळीं होतात. शहरांत ही रीति केवळ आळसानें मागें पडत चालली आहे. ती पुन्हां चालू करावयास खर्च मुळींच नाहीं.

आतां धोक्याची गोष्ट. ‘ड’ जीवनसत्त्व पाण्यांत विरघळून लघवीवाटे जाणारें नाहीं. तें शरीरांत सांचत जातें. डॉक्टरांच्या देखरेखीवांचून प्रौढ माणसानें सतत घ्यावयाचें तर दिवसास ४,००० युनिटांची मर्यादा ओलांडूं नये असें मानतात. आठवड्याची ६०,००० युनिटांची गोळी ही ठराविक मुदतीसाठींच असते. ती चुकून रोज घेतली गेली, किंवा मुदत संपल्यावरहि महिनोगणती चालूच राहिली, तर रक्तांतील कॅल्शियम चढतें. मळमळ, बद्धकोष्ठ, तहान, वारंवार लघवी, गळून जाणें अशीं लक्षणें होतात आणि मूत्रपिंडास इजा पोंचते. ज्यांचें मूत्रपिंड आधींच दुबळें आहे त्यांना मॅग्नेशियमच्या गोळ्याहि घातक ठरूं शकतात, कारण जादा मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडाचेंच. अति तेथें माती ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे.

तेव्हां ज्या घरांतील आईचा आंकडा चढत नाहीं, त्या घरानें क्रमानें विचार करावा. गोळी ठरल्याप्रमाणें व जेवणाबरोबर घेतली जाते कीं नाहीं, हें आधीं पाहावें. ती दिवसाकांठीं दूध, दहीं, नाचणी, पालेभाजी यांतून किती कॅल्शियम खाते, हें प्रामाणिकपणें मोजावें; पुष्कळ घरांत सर्वांना वाढून झाल्यावर तिच्या वांट्याला दुधाचा थेंबहि उरत नाहीं, हें मोजतांना ध्यानांत येईल. तिला चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढें ठेवावी व मॅग्नेशियम, परावटु ग्रंथि आणि मूत्रपिंड यांची तपासणी करावी काय, असें विचारावें. आणि तिला रोज कांहीं वेळ उन्हांत बसण्यास फुरसत मिळते काय, हेंहि घरच्यांनीं आपल्याशीं विचारून पाहावें. शंभर वर्षांपूर्वीं नाशिककडील घरांत जो पडदा होता तो आज राहिला नसेल. पण सदनिकेच्या चार भिंती आणि न संपणारें घरकाम हाहि एक प्रकारचा पडदाच आहे. तो दूर सारण्याचें काम कोणतीहि गोळी करूं शकणार नाहीं.